अडकलेली कात

१

ऊन चढायच्या आत बाळाची अंघोळ उरकायची, असा त्या उन्हाळ्यात आमच्या घरचा नेम होता. मी न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची, अनुराधा बाळाला माझ्या पायांवर उपडं घालायची, मग हळद-साय, डाळीचं पीठ, ऊन ऊन पाणी. त्यानंतर वेखंडाची धुरी. आणि शेवटी टाळू भरणं. कोमट खोबरेल तळव्यावर घ्यायचं आणि बाळाच्या माथ्यावरच्या त्या मऊ, उडत्या जागेवर हलक्या हातानं जिरवायचं. तेल जिरत जातं, टाळू भरत जाते, डोकं घट्ट होतं. माझ्या आईनं माझी भरली, मी अनुराधाची भरली.

अनुराधा माझी एकुलती एक मुलगी. नाशिकला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेर म्हणजे भोपाळला बरखेड्यातलं आमचं फॅक्टरीचं क्वार्टर. मी टाऊनशिपच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून नुकतीच रिटायर झाले होते. माझे यजमान दिगंबर फॅक्टरीत इन्स्पेक्शनला, नोकरीचं शेवटचं वर्ष. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे कागदावर नुसतं दिगंबर म्हणणार आहे. तेवढा तरी सूड मला घेऊ द्या.

अंघोळ झाली की बाळाला मागच्या खोलीत, कूलरसमोर झोपवायचं. मे महिन्यातलं भोपाळ ज्यांनी भोगलंय त्यांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. वाळ्याच्या ताटीतून ओला गार वारा यायचा, पाळण्यावरचं मलमलीचं कापड हलायचं आणि बाळ दोन-दोन तास गाढ झोपायचं.

अशाच एका सकाळी न्हाणीच्या मोरीपाशी मला पांढरं झुरळ दिसलं. पांढरं म्हणजे दुधासारखं पांढरं. मी घाबरले नाही, उलट अनुराधाला हाक मारून दाखवलं. "नुकतीच कात टाकलीय बघ. संध्याकाळपर्यंत तपकिरी होईल." वर्गातही मी हे असंच सांगायची, डोळ्यांत चमक आणून.

दुसऱ्या दिवशी ते तिथेच होतं. पांढरंच. मिशा हलत होत्या. मी खराट्यानं ढोसलं तर पळालं नाही, मळलेल्या कणकेसारखं जागच्या जागी दबलं आणि मिशा हलवत राहिलं. हे दुसरंच झुरळ असणार, अशी मनाची समजूत घालून मी त्यावर बादली ओतली.

२

पावडर आली ती डेंग्यूच्या निमित्तानं. आदल्या वर्षी ब्लॉकमध्ये घरटी एक माणूस तापानं आडवा झाला होता, म्हणून या वर्षी ब्लॉकच्या कमिटीनं उन्हाळ्यातच कंबर कसली. कमिटी म्हणजे चार पुरुष आणि चहा. सेक्रेटरी दिगंबर. कूलरच्या पाण्यात डास होतात, तर त्या पाण्यात पावडर टाकायची असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडचे कूलर मागच्या खिडकीला बाहेरून, लोखंडी स्टँडवर बसवलेले असतात. मागच्या गल्लीतून कुणीही येऊन झाकण उचलू शकतो. घरातल्या बाईला विचारायचीसुद्धा गरज नाही.

पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं, चमचाभर, महिन्यातून एकदा. पण ही माणसं फॅक्टरीची. फॅक्टरीला तीन शिफ्टा, म्हणून पावडरीलाही तीन शिफ्टा. प्रत्येक शिफ्टचा एकेक माणूस नेमला. ज्याच्या वाट्याला काम येईल त्यानं टाकावी आणि पुढच्याला सांगावं, असा बेत. पण तिथला पहिला धडाच असा की, आधीच्या शिफ्टनं काम केलंय म्हणून कुणी सांगितलं तरी त्यावर विसंबायचं नाही, आपण स्वतः पुन्हा करायचं. मशीनच्या बाबतीत हे शहाणपणाचं असेलही. इथे तिघंही रोज टाकत होते. मला हे कळलं तेव्हा मी दिगंबरला गाठलं.

"अहो, महिन्यातून एकदा टाकायची वस्तू रोज तीनदा पडतेय."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पडू दे. सेफ्टी मार्जिन."

"ती पावडर करते काय, ते तरी ठाऊक आहे का?"

"तू सांग. तू बायॉलॉजीवाली."

"ती किड्याला लगेच मारत नाही," मी म्हटलं. "तो खातो, पितो, वाढतो. वाढला की जुनी कातडी घट्ट होते, ती टाकावी लागते. त्याआधी आतल्या आत नवी तयार व्हायला हवी, कायटिनची. ही पावडर ते कायटिन बनूच देत नाही. जुनी फाटते आणि आत नवी नसते. मग तो धड आत नाही, धड बाहेर नाही."

"म्हणजे शेवटी डास मरतो."

"डासच नाही. कात टाकणारं सगळं मरतं. चतुर, नाकतोडे, खेकडे, सगळं."

"बरं, माणसात कायटिन असतं?"

"नसतं."

"झालं तर मग. माणसांना काही होत नाही." आणि त्यांनी पेपर उघडला.

या शहरातल्या बायकांनी हे वाक्य आधी, गॅसच्या वेळी, ऐकलेलं आहे. ज्यांनी ऐकवलं तेही शिकलेले, इस्त्रीच्या शर्टातले, समजूतदार आवाजात बोलणारेच होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बाळाचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागलं आणि कुजबुजत केलेल्या भांडणाला पुरुष कधी भांडण समजत नाहीत.

३

एका दुपारी लाइट गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला, पंप थांबला, आणि त्या गोंगाटाखाली इतके दिवस दबलेला एक आवाज वर आला.

ओला ब्लाउज अंगाला चिकटला की तो डोक्यावरून ओढून काढताना जसा आवाज होतो, तसा. ओढल्याचा, अडकल्याचा. मग थोडी उसंत. मग पुन्हा ओढल्याचा.

मी कारण शोधलं, मला कारण शोधायची सवय आहे. पाणी थांबलं की वाळ्याच्या काड्या सुकतात, सुकताना आकसतात, आकसताना कुरकुरतात. अगदी पटण्यासारखं होतं. फक्त काड्या उसंत का घेतील, हे मला सांगता येईना. त्या आवाजात दम लागल्यासारखं थांबणं होतं आणि थांबल्यावर परत जोर करणं होतं.

"आई, बघ ना," अनुराधा पाळण्यापाशी हसत म्हणाली. "किती आळोखेपिळोखे देतंय. वाढतंय गं."

बाळानं मुठी वळल्या होत्या, मान मागे टाकली होती, चेहरा लालबुंद झाला होता. सगळी बाळं असा आळस देतात आणि आपण 'वाढतंय हो' म्हणून कौतुक करतो. खिडकीतला आवाज थांबला. बाळ सैल पडलं. खिडकीतला आवाज सुरू झाला. बाळानं मुठी वळल्या.

ओली बाळंतीण, तिला काय सांगणार? मी नुसती उभी राहून पाहत होते. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. लाइट येईपर्यंत ते चुकलं नाही.

पंखा सुरू झाल्यावर आवाज ऐकू येईनासा झाला. पण बाळ आळोखेपिळोखे देतच होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी भर उन्हात मागच्या गल्लीत गेले. आमच्या कूलरपाशी गोपीनाथ उभे होते. शेजारच्या क्वार्टरमधले, दुपारच्या शिफ्टचे. एका हातात डबा, दुसऱ्यात पाकीट.

"भाभीजी, आप धूप में क्यों निकलीं? मैं डाल देता हूँ न."

"सुबह ये डालकर गए हैं, गोपीनाथजी."

"डाली होगी. मैंने तो नहीं देखी." आणि त्यांनी माझ्यासमोर झाकण उचलून चमचा रिकामा केला.

"इसके बाद मेरे कूलर को हाथ मत लगाना."

ते दुखावल्यासारखे हसले. "अरे, आपके नाती के लिए ही तो कर रहे हैं सब."

हे मला सर्वांत जास्त झोंबलं. माझ्या नातवाच्या नावावर माझ्या खिडकीत काय वाट्टेल ते ओतणार आणि वर आभार माना म्हणणार. मी त्यांना इतकं सुनावलं की ते डबा घेऊन चालू लागले. मग मी बाजूच्या ताटीची कडी काढली आणि ताटी उलटी केली.

आधी मला वाटलं, बुरशी धरलीय. आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, ताटीभर पांढरं होतं. मग ते पांढरं वेगवेगळं दिसायला लागलं. झुरळं होती, रातकिडे होते, पाण्यातून वर चढलेली चतुरांची पिल्लं होती. प्रत्येकाची पाठ मधोमध उकललेली. प्रत्येक उकललेल्या पाठीतून काहीतरी ओलं, आकार नसलेलं, अर्धवट वर आलेलं. एकही मेलेलं नव्हतं. ऊन पडलं तशी सगळी एकदम थांबली.

मीही थांबले. पावडरीनं हे व्हायचंच होतं, ते मीच दिगंबरला समजावलं होतं. पण असे किडे तासा-दोन तासांत मरायला हवेत. इतके दिवस, इतके सगळे, जिवंत कसे?

खिडकीच्या आतून अनुराधाचा आवाज आला, लाडाचा. "अगं बाई, आळस आला का आमच्या सोन्याला?"

आणि ताटीवरची सगळी एकाच वेळी ओढू लागली.

तळाशी, पंपाच्या मागे काळोखात, याहून मोठं काही होतं की नव्हतं, ते पाहायला मी थांबले नाही. बूच काढून पाणी गल्लीत सोडलं. ताट्या कोपऱ्यात नेऊन रॉकेल ओतून पेटवल्या. टाकी ब्लीचिंगनं घासली, हाताची सालटं निघेपर्यंत. संध्याकाळी दिगंबर आले, गल्लीतला धूर पाहिला आणि एवढंच म्हणाले, "नव्याकोऱ्या ताट्या होत्या." रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी नव्या आणून बसवल्या, टाकी भरली आणि माझ्यादेखत त्यात चमचा ओतला. मी ताट आपटलं. ते म्हणाले, "नलू, तू दमली आहेस. बाळंतपण करणं काही सोपं नाही."

मी कूलर बंद ठेवला. बाळाच्या अंगावर घामोळं फुललं, रडून रडून घसा बसला. अनुराधाही रडायला लागली. "आई, तुला झालंय काय? उकडून मरेल तो." तिनंच उठून बटण दाबलं. तिचं काय चुकलं?

५

बाळाची कातडी निघत होती. निघतेच. पोटातून पाण्यातलं बाळ बाहेर हवेत येतं, पहिल्या काही आठवड्यांत वरची सालं सुटतात. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं होतं. तपासून हसून म्हणाले, "सब बच्चों की उतरती है, माताजी." खरं होतं ते. मी ते पुस्तकातही वाचलेलं होतं.

पण मग मला टाळूची धास्ती बसली.

टाळू म्हणजे चार हाडांच्या मधली जागा. तेल लावताना बोटांना तिचे काठ लागतात. इथे मऊ, इथे संपलं, इथून हाड. रोज तेल लावणाऱ्या हाताला ते पाहावं लागत नाही, हाताला ते पाठ असतं. त्या आठवड्यात माझ्या बोटांना पुढचा काठ सापडेना. मी थोडं खाली, कपाळाकडे सरकले. तिथेही मऊ. कानशिलाकडे सरकले. अंगठा जरा टेकला तर खळगा पडला आणि सावकाश भरून आला.

मी हात धुतले. परत येऊन पुन्हा पाहिलं. माझ्या बोटांची सालटं निघालीत, ब्लीचिंगनं स्पर्श गेलाय, असं स्वतःला सांगितलं. हाडात कायटिन नसतं. कातडीत नसतं. नखात नसतं, केसात नसतं. माणसाच्या अंगात बनतच नाही, तर ते अडवणार काय आणि अडणार काय? मुलांनी उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

त्या दुपारी मी कूलरचं बटण बंद केलं, पिन काढली, गल्लीत जाऊन टाकी कोरडी केली. परत येऊन खोलीत जमिनीवर बसले. अनुराधा पलंगावर झोपली होती. पंखा नाही, पंप नाही, पाणी नाही.

ओढल्याचा आवाज आला. उसंत. पुन्हा ओढल्याचा.

मी खिडकीकडे कान दिला. खिडकीतून काही नव्हतं. आवाज पाळण्यातून येत होता.

६

रविवारी सकाळी दिगंबर घरी होते. मी अंघोळ घालून बाळाला पंच्यात गुंडाळलं आणि बाहेरच्या खोलीत नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. शेजारी तेलाची वाटी ठेवली.

"आज टाळू तुम्ही भरा."

"मी? मला येतं का ते?"

"तुम्ही इन्स्पेक्शनवाले. आयुष्यभर हातानं चाचपून माल पास-नापास केलात. आज हाही करा."

"हे काय नवीन खूळ, नलू? परत तेच का?"

"तेच. डॉक्टर आज संध्याकाळी पाहणार आहेत, गाडी मी सांगितली आहे, तिथून ही दोघं कोलार रोडला माझ्या बहिणीकडे जातील. तुम्ही अडवणार, ठाऊक आहे मला. अडवा. पण आधी हात लावा. आणि मग म्हणा मला, काही होत नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला, बायकांचा हट्ट पुरवताना सोडतात तसा. तळव्यावर तेल घेतलं. हात बाळाच्या माथ्यावर ठेवला. तीस वर्षं बेअरिंगवर फिरलेला हात, नख अडेल इतका खडबडीतपणाही त्याला कळायचा. बोटं माथ्यावरून पुढे आली. थांबली. मागे गेली. कानामागे गेली, मानेपर्यंत उतरली, पुन्हा वर आली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, बोटांकडे पाहत होते. ती काठ शोधत होती. एका ठिकाणी शोधून झालं की दुसऱ्या ठिकाणी शोधत होती.

मला वाटलं होतं, या क्षणी मला बरं वाटेल. एवढे दिवस छातीत जो जाळ होता तो जरा तरी निवेल. उलट तो वाढला. हे कळायला माझी जीभ पुरली नाही, माझं शिक्षण पुरलं नाही, त्यांचा स्वतःचा हातच लागला.

बाळानं मुठी वळल्या. मान मागे टाकली. चेहरा लाल होत गेला. खोली इतकी शांत होती की तो ओढल्याचा आवाज भिंतींना लागून परत आल्यासारखा वाटला. दिगंबरनं तो पहिल्यांदा ऐकला. त्यांचा पंजा बाळाच्या डोक्यावर होता. तो किंचित वर उचलला गेला. त्यांनी तो उचलला नव्हता.

मग मी पाहिलं. त्यांच्या बोटांच्या फटीतून, भुवयांच्या मधून निघून वर केसांत गेलेली एक बारीक पांढरी रेघ. टाकानं आखावी इतकी सरळ. तेलाचा ओघळ असेल म्हणून मी पदरानं टिपली. ती पुसली गेली नाही.

त्यांनी हात काढायला घेतला.

"काढू नका," मी म्हटलं. "दाबू नका आणि काढूही नका."

ते तसेच राहिले. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात गेला, पण तो पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, त्या हातानं त्यांनी बाळाला धरलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या माणसानं मला एकदाही काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं, त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नलू," ते अगदी हळू म्हणाले, "यापुढे काय होतं?"

मला ठाऊक होतं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून, पायरी पायरीनं शिकवलेलं होतं. रेघ उमटल्यावर काय होतं ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

अनुराधा केस पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं आई?"

"काही नाही," मी म्हटलं. "तेल जिरतंय. तू आत जा, तुला वारं लागेल."